शेरा: निरंक

तात्यांच्या पडवीत दोन फुटी काचेची टाकी आहे आणि तिच्यात काहीही नाही. खाली चार बोटं वाळू, वाळूवर ओढ्यातले तीन गुळगुळीत गोटे, कोपऱ्यात फुटक्या मडक्याची अर्धी कवटी आणि बुडबुडे सोडणारी नळी. संपलं. आलेला माणूस टाकीपुढे वाकतो, डावीकडून बघतो, उजवीकडून बघतो, शेवटी तात्यांकडे बघतो. या वेळी "मासा मेला काय तात्या?" असं विचारायचं नसतं. विचारलं की चहा मिळत नाही. भोरहून एसटीनं नीरा देवघरच्या फुगवट्याच्या काठाकाठानं वळणं खात हिर्डोशीपर्यंत आलेल्या माणसाला चहा न मिळणं ही काय शिक्षा आहे, ते त्या रस्त्यानं आलेल्यालाच ठाऊक.

"आहे," तात्या म्हणतात. "तळाला आहे. वाळूत आहे. थांब जरा."

आपण थांबतो. थांबण्यात तात्यांचा हात धरणारा माणूस पंचक्रोशीत नाही. उभी नोकरी त्यांनी पाटबंधारे खात्यात काढली, आणि तीही धरणावर. सकाळी पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचं, पट्टीवरची पातळी वाचायची, वहीत लिहायची आणि वर कळवायची. पावसाळ्यात तासातासाला. मे महिन्यात पातळी बोटानं हलत नाही, तरी वाचायचीच. "आज काय झालं?" या प्रश्नाला "काही नाही" हे उत्तर आपण तोंडानं देतो. तात्यांनी ते तीस-पस्तीस वर्षं लेखी दिलं. सरकारी भाषेत त्याला 'निरंक' म्हणतात. तात्यांच्या तोंडी हा शब्द इतका बसलाय, की जेवताना "भाजी वाढू?" असं विचारलं तरी ते ताटावर हात धरून "निरंक" म्हणतात.

निवृत्तीच्या दिवशी शाल मिळाली, नारळ मिळाला, वही मात्र खात्यात जमा करावी लागली. तो घाव खोल गेला. पुढचे काही महिने तात्यांनी घराची नोंद ठेवून पाहिली. नळाला पाणी किती मिनिटं आलं, लाइट किती वाजता गेली, म्हशीनं सकाळी किती दिलं, संध्याकाळी किती दिलं. काकूंनी हे सगळं चालवून घेतलं. पण एके दिवशी तात्या कुकरच्या शिट्ट्या लिहायला लागले आणि दुसऱ्या दिवशी सरासरी काढून "कालच्यापेक्षा एक जास्त आहे" म्हणाले, तेव्हा काकूंनी वही चुलीजवळ धरून दाखवली. निवृत्त माणसाची गंमत अशी, की त्याला देव चालतो, राजकारण चालतं, शेतीतला तोटा चालतो. घरात बसून बायकोच्या कामाचं मोजमाप करणं मात्र महाराष्ट्रातल्या कुठल्याच घरात चालत नाही. तात्यांना मोजायला काहीतरी हवं होतं, आणि ते स्वयंपाकघराबाहेरचं हवं होतं.

ते मोरीत सापडलं.

मृगाचा पाऊस नेटानं सुरू झाला, की ओढ्याचं पाणी खाचरांत शिरतं आणि मासे उलटे वर चढायला लागतात. या चढणीच्या माशांची आमच्याकडे सगळं गाव वाट पाहत असतं. शेजारच्या पोरानं एक पातेलंभर आणून दिले. काकूंनी ते परातीत ओतून राखेनं चोळायला घेतले, कारण मुरा हा मासा असा बुळबुळीत, की राखेशिवाय बोटांत ठरत नाही. बोटाएवढा लांब, वाळूच्या रंगाचा, अंगावर ठिपके, तोंडाभोवती मिशाच मिशा. त्यातला एक उसळला तो मोरीत पडला आणि पाणी जायच्या भोकात नाहीसा झाला. बाकीच्यांचं आमसूल घालून कालवण झालं. सकाळी तात्या दात घासायला मोरीत बसले, तर भोकाशी साचलेल्या ओंजळभर घाण पाण्यात हा पठ्ठ्या जिवंत.

दुसरा कुणी असता तर "अरेच्चा" म्हणाला असता. तात्या म्हणाले, "याची नोंद पाहिजे."

मासा तसा का जगला, हे तात्यांना पुढे कळलं आणि त्यांनी ते आम्हा सगळ्यांना कळवलं. पाण्यातला प्राणवायू कमी पडला, की मुरा वर येतो, हवेचा एक घोट गिळतो आणि पुन्हा तळाला जातो. ती हवा आतड्यात जाते. आतड्याच्या भिंतीतून तो प्राणवायू शोषतो आणि उरलेली हवा मागल्या बाजूनं सोडून देतो. तात्या हे सगळं 'शेपटीच्या अलीकडून विसर्ग' अशा धरणी भाषेत सांगतात. काकूंनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पदराआड तोंड लपवून त्या एवढंच म्हणाल्या, "मंग त्येच्यासाठी काचंची पेटी कशाला पायजे? घरात हाय की एक."

टाकी पुण्याहून आणली. दुकानदारानं तात्यांना ओळखलं नाही, ही त्याची चूक नाही. त्यानं आधी गोल्डफिश दाखवला, मग फायटर, मग फ्लॉवरहॉर्न. हा कपाळावर आवाळू घेऊन फिरणारा मासा लोक भरभराटीसाठी पाळतात. शेवटी "काका, टाकी साफ ठेवायला सकर न्या" म्हणून त्यानं एक काळा, खवलेदार, काचेला तोंड लावून बसलेला प्राणी पुढे केला. तात्यांनी तिथल्या तिथे त्याला धडा दिला: असे सकर लोक हौसेनं नेतात, ते वाढले की कंटाळून नदीत टाकतात, आणि मग उजनीच्या कोळ्यांच्या जाळ्यात माशांऐवजी तेच येतात. रंगीत मासा तात्यांना मुळातच नापसंत. "रंग कशाला लागतो? लग्न करायचंय?" हा त्यांचा प्रश्न. त्यांच्या मेव्हण्याकडे पुण्यात अरोवाना आहे. वास्तुशास्त्राप्रमाणे ईशान्येला ठेवलेला. तात्या तो बघून आले आणि म्हणाले, "दिवसभर या टोकाकडून त्या टोकाकडे. बिनकामाचा साहेब कचेरीत फिरतो तसा. आमचा हलत नाही. जागा सोडत नाही. बाजीप्रभूंच्या मुलखातला आहे तो."

हिरडस मावळाचा हा दाखला ऐकून मेव्हणे गप्प बसले. पावनखिंडीपुढे अरोवाना काय बोलणार.

वहीत रकाने आठ आहेत: तारीख, वेळ, हवेचं तापमान, पाण्याचं तापमान, पाण्याची खोली, स्थान, वर्तन, शेरा. माशाला नाव नाही. तो 'मु. क्र. १' आहे. दुसरा मुरा या घरात कधी आला नाही, पण क्रमांक दिल्याशिवाय खातं चालत नाही. मी ती वही पाहिली आहे. 'स्थान' या रकान्यात पानंच्या पानं 'वाळूत'. मधेच एकदा 'मडक्याखाली', आणि त्याखाली लाल शाईची रेघ. 'वर्तन': स्थिर. 'शेरा': निरंक. अक्षर मोत्यासारखं. एका सकाळी 'वर्तन' रकान्यात 'मिशी हलवली' असं आहे, आणि समासात काकूंच्या अक्षरात, बहुधा तात्या ओट्यावर गेलेले असताना, 'कुणाची?' असं लिहिलंय.

यात तात्यांचा आळस आहे असं कुणी समजू नये. काही न करणाऱ्या माशासाठी ते जे करतात ते ऐकून माझीच कंबर दुखते. वाळूचंच घ्या. मुरा तळाला राहतो, मिशांनी चाचपत वाळूतल्या अळ्या शोधतो, भ्यायला की त्याच वाळूत डोळ्यांपर्यंत बुडून बसतो. दुकानातली टोकदार रंगीत खडी घातली तर त्या मिशा झिजतात, सडतात, आणि मासा उपाशी मरतो. म्हणून वाळू बारीक हवी, गोल कणांची हवी. तात्यांनी ओढ्यातून दोन घमेली आणली आणि काकूंच्या पिठाच्या चाळणीनं चाळली. मग ती धुतली, वाळवली, पुन्हा चाळली. त्या आठवड्यात काकूंच्या भाकरीला जी कचकच लागत होती तिची नोंद मात्र वहीत नाही.

पाण्याचं आणखी निराळं. नळाच्या पाण्यात टीसीएल टाकलेली असते, ती टाकायलाच हवी. पण माणसाला वाचवणारं क्लोरीन माशाचे कल्ले जाळतं. मुऱ्याचे खवले इतके बारीक, की असून नसल्यासारखे. त्यामुळे औषध असो, मीठ असो, इतर माशांना जेवढं सोसतं तेवढं याला सोसत नाही. म्हणून तात्या झऱ्याचं पाणी आणतात. कावड उचलायचं वय राहिलं नाही, तर पाच लिटरचे गोडेतेलाचे डबे घेऊन जातात, आणि सगळं पाणी एकदम न बदलता चौथा हिस्साच बदलतात. कारण, आणि हे ऐकताना आपण उभं राहून ऐकलं पाहिजे अशी त्यांची अपेक्षा असते, टाकीतलं खरं काम मासा करत नाही, जिवाणू करतात. माशाच्या विष्ठेतून अमोनिया होतो, एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्रेट. ही दुसरी पायरी बरीच कमी घातक. या जिवाणूंची वसाहत फिल्टरच्या स्पंजात बसायला महिना-दीड महिना जातो. काकूंनी दिवाळीच्या साफसफाईत तो स्पंज साबणानं घासून उन्हात वाळत घातला होता. पांढराशुभ्र. तात्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "अख्खी वस्ती उठवलीस." काकूंना वाटलं, धरणाचं बोलतायत. म्हणाल्या, "आवं, ती तर तुमच्याच खात्यानं उठवली."

त्यावर तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या सासुरवाडीची काही खाचरंही त्या पाण्याखाली आहेत. ११.७३ टीएमसी हा आकडा ते झोपेतही सांगतील, पण त्या दिवशी सांगितला नाही.

खरी परीक्षा एप्रिल-मे. थंड, वाहत्या पाण्यातला मासा. त्याला उन्हाळा सोसणार कसा, ही तात्यांची काळजी. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला राहतो, ३० अंशांना तो साडेसातवर येतो. हे दोन आकडे तात्यांनी पडवीच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलेत. म्हणून टाकीभोवती ओलं गोणपाट, वर जाळीचं झाकण (मुरा उडी मारतो, मोरीचा इतिहास), झाकणावर टेबलफॅन, आणि फ्रीजमध्ये बर्फाच्या बाटल्या. वरच्या कप्प्यात तर सोडाच, दुधाच्या पातेल्याशेजारी, कैरीच्या पन्ह्याच्या जागी, सगळीकडे बाटल्या. दर दोन तासांनी एक बाटली टाकीत तरंगत सोडायची आणि तापमान वाचायचं. मुलगा-सून सुट्टीत मुंबईहून आले होते. नातवानं थंड पाणी मागितलं तर तात्या म्हणाले, "माठातलं घे. हे सरकारी आहे."

लाइट गेली, की पंखा बंद आणि एअर पंपही बंद. मग तात्या वर्तमानपत्राची घडी घेऊन टाकीला वारा घालत बसतात. काकू एकदा उंबऱ्यात बसून पदरानं स्वतःला वारा घेत हे बघत होत्या. म्हणाल्या, "तीस वर्षं ह्यांच्यासंगं कॉलनीत पत्र्याच्या खोलीत काढली. एक पेपर हलला नाय कधी."

हवामानाचं प्रकरण पुतण्यामुळे सुरू झालं. त्यानं मोबाइलवर दाखवलं, की जपानकडे याच भाईबंदांतला एक मासा थंड पाण्याच्या टाकीत पाळतात. डोजो म्हणतात त्याला, आणि वादळाच्या आधी हवेचा दाब उतरला की तो अस्वस्थ होऊन वरखाली फिरतो, म्हणून इंग्रजीत त्याचं नावच हवामानाचा मासा. तात्या ताडकन उठले. नववा रकाना आखला: 'अंदाज'. आणि त्यांना साइक्स सापडला तोही याच सुमारास. हा लष्करी साहेब १८२४ पासून मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत हिंडत होता. त्यानं इथल्या हवेच्या दाबाच्या नोंदी घेतल्या, त्या १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीनं छापल्या. आणि १८३९ साली त्यानंच इथल्या माशांची वर्णनं लिहिली. नावं देताना बरीचशी इथल्या माणसांच्या तोंडची तशीच उचलली, त्यात कोळस आहे, पोटील आहे आणि मुरेही आहे. "दाब मोजला आणि मुराही लिहिला," तात्या म्हणतात. "एकाच माणसानं. बघ." खात्यातल्या एकाही वरिष्ठाबद्दल ते इतक्या प्रेमानं बोललेले मला आठवत नाहीत.

जून ते सप्टेंबर मु. क्र. १ चा अंदाज शंभर टक्के खरा ठरला. रोज 'पाऊस' लिहिलं आणि रोज पाऊस पडला. हिर्डोशीत जुलैमध्ये पाऊस पडेल हे सांगायला मासा लागत नाही, छत्रीही पुरेशी आहे. वरंधा घाट बंद, डोंगर ढगात, चार-चार दिवस समोरचं घर दिसत नाही. पण तात्यांनी हे यश पुण्याच्या हवामान खात्याशी ताडून पाहिलं. "ते सिमल्याहून १९२८ साली पुण्यात आले," ते म्हणाले. "हा इथलाच आहे."

पुढच्या मे महिन्यात वळीव आला. दुपारी तीनपर्यंत लखलखीत ऊन, वहीत 'वर्तन: स्थिर, अंदाज: कोरडे'. त्या भरवशावर शेजारच्यांनी अंगणात कुरडया घातल्या होत्या. साडेतीनला आभाळ शिरगावच्या बाजूनं काळं झालं, वारा सुटला आणि गारा आल्या. कौलं तडतडली, आंब्याच्या कैऱ्या अंगणभर झाल्या, कुरडया गेल्या. शेजारीणबाई चिंब ओल्या पदरानं पडवीत येऊन टाकीपुढे उभ्या राहिल्या आणि माशाला म्हणाल्या, "मुडद्या, हललास का न्हाईस?" तात्यांनी शांतपणे वही उघडली: 'गारा, अदमासे २० मिनिटे. मु. क्र. १ स्थिर.' मग वर बघून म्हणाले, "त्याला धोका वाटला नाही. तळाला गारा लागत नाहीत." आणि घमेलं घेऊन अंगणात गेले, गारा वेचून आणल्या, बाटलीत भरल्या आणि टाकीत सोडल्या. पाण्याचं तापमान दीड अंशानं उतरलं. ही नोंद त्यांनी हिरव्या शाईत केली; हिरवी शाई नोकरीत वापरता आली नव्हती.

आता अलीकडची गोष्ट. माझ्या ओळखीचे प्राणिशास्त्राचे एक प्राध्यापक आले होते, त्यांना मी मुद्दाम हिर्डोशीला नेलं. ते टाकीपुढे बसले. नेहमीप्रमाणे काही दिसेना. पण हा माणूसही थांबणाऱ्यांतला निघाला. दोघं शेजारी शेजारी पाटावर बसून वाळूकडे बघत राहिले. काकूंनी चहा दिला, उचलला, पुन्हा दिला. शेवटी मु. क्र. १ बाहेर आला. सरांनी भिंग लावून त्याच्या मिशा मोजल्या, डोळ्याखालचा दुभंगलेला बारीक काटा पाहिला आणि म्हणाले, "हा लेपिडोसेफॅलिक्थिस थर्मालिस."

तात्यांनी ते अक्षर-अक्षर विचारून लिहून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे?"

"पहिल्यांदा याचं वर्णन १८४६ साली झालं, श्रीलंकेतल्या माशांवरून. त्रिंकोमालीजवळ गरम पाण्याचे झरे आहेत, तिथून आलेले नमुने. थर्मालिस म्हणजे उन्हाळ्याचा, उष्णोदकाचा. हा बऱ्यापैकी गरम पाणीही सोसतो."

पडवीत शांतता पसरली. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. काकू बाहेर आल्या, सरांकडे पाहिलं, फ्रीजकडे पाहिलं, टाकीत तरंगणाऱ्या बाटलीकडे पाहिलं. "पुन्यांदा सांगा सर. गरम पान्याचा?"

"तो श्रीलंकेचा," तात्या म्हणाले. "हा हिर्डोशीचा."

"जात एकच आहे, तात्या."

"जात एक असंल. सवय?"

नाव चुकीचं वाटतं म्हणून बदलता येत नाही, हे सरांनी परोपरीनं समजावलं. एकदा नियमानुसार नाव पडलं, की ते वर्णनाला लागू पडो न पडो, तेच राहतं. तात्यांनी मान डोलावली. असली खाती त्यांच्या ओळखीची होती. आणि असल्या खात्यांशी कसं बोलायचं तेही. पुढच्या वेळी मी गेलो तेव्हा त्यांनी लिफाफा तयार ठेवला होता. आत फुलस्केपवर दोन प्रतींत:

"प्रति, मा. प्रभारी अधिकारी, भारतीय प्राणी सर्वेक्षण, पश्चिम प्रादेशिक केंद्र, आकुर्डी, पुणे. विषय: मुरा या माशाच्या शास्त्रीय नावात दुरुस्ती होणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, सदर मासा हा मौजे हिर्डोशी, ता. भोर येथील असून त्याचा उष्ण पाण्याच्या झऱ्यांशी कोणत्याही प्रकारे संबंध आल्याचे अभिलेखावरून दिसून येत नाही. सोबत पाण्याच्या तापमानाच्या दैनंदिन नोंदी जोडल्या आहेत. सबब…"

"पोस्टानं टाकतो," मी म्हणालो.

"पोस्टानं नको. आकुर्डीला स्वतः जा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का घे, आवक क्रमांक घे. पोच घेतल्याशिवाय जिना उतरू नकोस."

मी लिफाफा पिशवीत घातला. तेवढ्यात काकू दारात आल्या.

"आन् येताना पुण्यातनं एक कुलूप आण बाबा," त्या म्हणाल्या. "फ्रीजला बसंल असं."